संध्याकाळी सातचा लाल पट्टा

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आठला शालनचा फोन. कसे आहात वगैरे काही नाही, एकदम मुद्द्यावर. "काल सांजच्याला मिक्सर लागला नाही तुमच्याकडं. काय खाल्लात?"

बंगळुरात पोराकडं बसून ही बाई पिंपळे गुरवचा मिक्सर मोजते. डिसेंबरात प्रशांत आला तेव्हा दाराच्या वरच्या फ्यूजबोर्डात एक डबी बसवून गेला. मेन वायरला चिमटा. घरात कधी किती वीज ओढली ते मोबाइलवर उभ्या काड्यांत दिसतं. त्याच्या, माझ्या आणि शा.च्याही मोबाइलवर. चाळीस वर्षं जळक्या मोटरींची वायर भरून दिली, लोकांच्या मशीनची नाडी बघितली. आता पोरगं बापाची बघतंय.

म्हणालो, "वरणभात खाल्ला. वरणाला मिक्सर कशाला?"

"बरं. अन् लाइट?"

"एलईडी आहे. तेवढी वीज डबीला दिसत नाही."

खरं म्हणजे दूध-पाव खाऊन पावणेआठला आडवा झालो होतो, अंधारातच. सांगितलं नाही. तीन महिन्यांसाठी म्हणून गेली होती, सुनेच्या बाळंतपणाला. हा पाचवा.

५ फेब्रुवारी, बुधवार

प्र.नं रात्री फोनवर परत रंग समजावले. त्याची नोकरीच ती. उद्या ऊन किती, वारा किती, त्यातून वीज किती निघेल याचा अंदाज बांधायचा. मोबाइलवर माझ्या काड्यांच्या मागं रंगाचे पट्टे आहेत. दहा ते चार हिरवा, मग पिवळा, सं. साडेसहा ते साडेदहा लाल. दुपारच्या विजेत उन्हाची भर जास्त. सूर्य बुडाला आणि घराघरात माणसं आली की कोळसा.

मी म्हणालो, "तार एकच. तिच्यात कोळशाचा करंट कुठला नि उन्हाचा कुठला, शिक्का मारलाय का?"

"विहीर एकच, बाबा. पण कुठला झरा कधी वाहतोय ते कळतं ना?"

हे बोलणं माझ्याकडून घेतलंय त्यानं. बरं वाटलं.

बिलाचा प्रश्न नाही म्हणतो. हवेचा आहे. नातीच्या हवेचा, असं म्हणाला, मग मी काय बोलणार. उद्यापासून: ११ गिझर, १२ वॉशिंग मशीन, १ ला इंडक्शनच्या शेगडीवर दोन्ही वेळचा स्वैपाक एकदमच. ३ ला पाण्याचा फिल्टर. लाल पट्ट्यात काही लावायचं नाही. अंघोळ दुपारी बाराला! आई असती तर पाठीत रपाटा.

८ फेब्रुवारी, शनिवार

चिखलीला गेलो, वर्कशॉपवर. गेल्या वर्षी दत्ताच्या हातात दिलं सगळं. वीस वर्षं माझ्या हाताखाली होता, पोरगा इकडं येणार नव्हताच. पाटी अजून माझ्या नावाची.

दत्ता उठून उभा राहिला. "बसा मालक. चहा सांगतो."

चहा सांगतो म्हणजे पाहुणा झालो.

टेबलावर पाच हॉर्सपॉवरची मोटर टेस्टला फिरत होती. दारातूनच ऐकू आलं. म्हटलं, पुढची बेअरिंग गेलीय. दत्ता म्हणाला, मीटर लावला मालक, व्हायब्रेशन ओके आहे. मी जुना स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक मोटरवर, मूठ कानाला. आत कोणी बारीक खडे चघळतंय. पण हसून ठेवून दिला. मालक तो आहे आता.

चारला घरी. लाल लागायला अजून वेळ होता, पण लावायचं काही शिल्लकच नव्हतं. सगळं दुपारी उरकलेलं.

९ फेब्रुवारी, रविवार

दत्ताचा फोन. "मालक, बेअरिंगच निघाली." दिवसातला हा एकच फोन. शा.चा नाही. नातीचं, ओवीचं बोरन्हाण उशिरा का होईना आज करणार होते, त्या गडबडीत असेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्र. खूश. त्यानं मित्रांच्या, ओळखीच्या वीस-एक घरांत अशाच डब्या बसवल्यात. "बाबा, या आठवड्यात तुमचं घर सगळ्यात स्वच्छ. नंबर एक!"

"आणि दोन नंबर?"

"एक फ्लॅट आहे वाकडला. पण ते मोजू नका, बंद असतो. मालक दुबईला, फ्रिज तेवढा चालू."

म्हणजे बंद घराला हरवलं मी. थोडक्यात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शेजारच्या गायकवाडांच्या वॉ.म.चा आवाज भिंतीतून येतोय चार दिवस. सुकवायला फिरते तेव्हा ढेकूळ फिरवल्यासारखं. आज सुजाता जिन्यात भेटली. चाकणला गाड्यांचे पार्ट बनतात त्या कंपनीत तपासणीवर आहे. सहाच्या बसनं जाते, पाचनंतर येते. नवरा मिलिंद सेकंड शिफ्टला. दोघांची गाठ रविवारी.

म्हटलं, "सुजाता, मशीन बंद कर. ड्रम धरणार आता."

"काका, तुम्ही भिंतीला कान लावून बसता का?"

"भिंत माझ्या कानाला लागते."

हसली. रविवारपर्यंत मेकॅनिक नाही म्हणाली, आणि दोघांचे कंपनीचे ड्रेस, ग्रीसचे. मी म्हटलं, सकाळी बादली माझ्या दारात ठेव. बाराला माझ्यात लावतो. दुपारची वीज चांगली असते.

"वीज पण चांगली-वाईट असते?"

"माणसासारखी. वेळ बघावी लागते."

२४ फेब्रुवारी, सोमवार

शा.चा फोन. "सहा दिस झाले, रोज बाराला मशीन. एका माणसाचे रोज कसले कपडे?"

सांगितलं खरं ते. त्यांची मशीन रविवारी काही दुरुस्त झाली नाही, मेकॅनिक पार्ट आणायला गेला तो गेलाच. लगेच प्रश्न, "वाळत कोण घालतं?"

"मीच."

"बत्तीस वर्षांत माझी साडी कधी दोरीवर टाकली नाही. आता शेजारणीचे ड्रेस."

"कंपनीचे आहेत. खाकी."

"खाकी का असंनात!" पण आवाजात हसू होतं. कान आहेत मला, पळ काढणारं हसू पण धरतो.

मग खालच्या पट्टीत बोलली. बाल्कनीत गेली असणार, रिक्षांचे आवाज वाढले. "सातला तुम्ही घरात असता का कुठं पारावर बसता? सात ते दहा एक काडी दिसंना. प्रशांत म्हणायलाय, बाबा एकटे नीट राहत नसतील तर घर विकून टाकू, त्यांना इकडंच आणू."

"तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार. बघू म्हणले."

बघू. नाही म्हणाली नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर तेच. पोराच्या हिशेबानं जितकं कमी दिसेल तितकं चांगलं. बायकोच्या हिशेबानं काहीच दिसलं नाही तर बाप खचला, घर विका. एका पडद्यावर दोन परीक्षक, दोघांचा पेपर उलटा.

नोव्हेंबरात पंधरा दिवस राहून आलोय तिकडं. बारावा मजला, काचा बंद. कोणाची मोटर ऐकू येत नाही, लिफ्टसुद्धा मुकी. सगळे प्रेमानं वागतात. मेघना, सूनबाई, "बाबा, तुम्ही नुसता आराम करा" म्हणायची. तेच जमत नाही. हे घर विकलं तर मी तिथला कायमचा आराम करणारा.

सं. सातला इस्त्री लावली. पालथ्या ताटावर उभी ठेवली, दहा मिनिटं. हजार वॅटची, काडी झकास उठली. लाल पट्ट्यात एक उभी काडी. घरात माणूस आहे याची पावती.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

इस्त्री तीन दिवस झाली. शा. काल म्हणाली, "काही तरी लागतंय सातला आता. बरं वाटलं." एवढ्यावर दिवस गेला.

प्र.चा मेसेज मात्र आला. बाबा, सं. ७ ला काय सुरू केलंत? नंबर एकवरून चौथ्यावर आलात. दुपारी नाही का करता येणार?

लिहिलं: देवाचं आहे. त्यानं हात जोडल्याची खूण पाठवली.

देवाचं! बासष्टाव्या वर्षी पोराशी खोटं, आणि ते देवाच्या नावावर.

४ मार्च, मंगळवार

सुजाता बादली न्यायला सातला आली, दार उघडंच होतं. मी इस्त्रीसमोर खुर्ची टाकून बसलेलो, हातात घड्याळ. अंगावर बनियन, इस्त्रीला कपडा नाही.

"काका, कोणाला शेकताय?"

सांगून टाकलं. सगळंच. डबी, पट्टे, शा., घर विकणं. ती दारातच बादलीवर टेकली. दिवसभर उभं राहून आलेली. ऐकलं, मग म्हणाली, "एवढं ढोंग करण्यापेक्षा काकूंना 'या' म्हणा की."

"मी आयुष्यात कोणाला या म्हटलं नाही, बाळा. गिऱ्हाईक आपल्या पायानं आलं."

"काकू गिऱ्हाईक आहेत का?"

जेवायला बोलवत होती, मिलिंद नाहीये, दोन भाकऱ्या जास्त टाकते म्हणाली. नको म्हटलं. का नको म्हटलं ते माहीत नाही. सवय.

उदगीरहून आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा. कासारवाडीच्या खोलीत सहा जण, तीन अंथरुणं, शिफ्टप्रमाणं झोपायचो. तेव्हाही कोणाला थोडं सरक म्हटलं नाही. उभा राहायचो, जागा झाली की पडायचो. त्यालाच स्वाभिमान समजत आलो.

९ मार्च, रविवार

दु. फोन. ओवी कुशीवर वळली म्हणून सगळे टाळ्या वाजवतायत. शा. हसते, मधेच "अगं बाई, अगं बाई". पाच-सहा महिन्यांत हिचं असं हसणं ऐकलं नव्हतं. बहुतेक त्याआधीही.

मागं एक आवाज. पंख्याचा नाही. मिक्सर एवढा वेळ चालत नाही. एकसुरी, दाणा खाल्ल्यावर जरा दबणारा, मग परत वर येणारा. एक हॉर्सपॉवर, सिंगल फेज, नवी बेअरिंग.

म्हटलं, "मागं काय चालू आहे?"

"कुठं काय."

आणि लगेच आवाज बंद. कोणी तरी खटका दाबला.

घरघंटी. घरात पीठ दळायची. दहा वर्षं मागत होती माझ्याकडं. मी म्हणायचो, त्या मोटरीत काय दम असतो, खेळणं आहे, खाली गिरणी आहे की. त्या गिरणीची मोटर मीच भरून दिलेली, त्याचा तोरा. ती डोक्यावर डबा घेऊन जायची, रांगेत बसायची.

तिकडं घेतली. चार दिवसांच्या पाहुणीसाठी कोणी घरघंटी घेत नाही.

१० मार्च, सोमवार

इस्त्री: सात ते सात-दहा. वॉ.म.: गायकवाडांचे. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

१३ मार्च, गुरुवार

होळी. सोसायटीनं खाली पेटवली. सेक्रेटरी म्हणाले, काका, नारळ तुम्ही टाका, ज्येष्ठ आहात. टाकला. सगळे जोडी-जोडीनं प्रदक्षिणा घालत होते. मी पाण्याच्या पंपाजवळ उभा राहिलो. पंप चांगला चाललाय. सातलाच लावतात टाकी भरायला, तेही लाल पट्ट्यात. सेक्रेटरींना सांगितलं, दुपारी लावा. म्हणाले, दुपारी बघायला कोण असतं? म्हटलं, मी असतो. मी दुपारी नेहमी असतो.

१६ मार्च, रविवार

आज पकडलं.

शा.: "एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"सात वाजले की काडी सुरू, सात-दहाला बंद. रोज. एक मिनिट मागं नाही, पुढं नाही. असा स्वैपाक कोण करतं? आपण कधी कांदा चिरत बसतो, कधी फोन येतो, कधी वीज जाती. हे माणसाचं काम नाही. काय लावून ठेवलंत?"

मोटर भरली की दहा मिनिटं रिकामी फिरवून टेस्ट करायची, घड्याळ हातात धरून. चाळीस वर्षांची सवय. ढोंगसुद्धा टेस्टिंगसारखं केलं मी. तिथं चुकलो.

"इस्त्री," म्हटलं. "ताटावर."

मला वाटलं हसेल. हसली नाही.  

मग म्हणाली, "सातला घर कसं असतं, ते कळलं का आता?"

"म्हणजे?"

"प्रशांत पाळण्यात होता तवापासून. तुम्ही साडेनऊला यायचात, दहाला यायचात. मी दिवा लावून, कुकर चढवून बसायची. टीव्ही लावायची, बघायची नाही, आवाजासाठी. तीस वर्षं. तवा डबी नव्हती म्हणून कोणाला दिसलं नाही."

"धंदा होता, शालन."

"मी धंद्याला नाव ठेवलं का? तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं."

मी विचारलं नव्हतं. तिलाही ते माहीत आहे.

१७ मार्च, सोमवार

इस्त्री बंद केली. सातला खुर्चीत बसून राहिलो, लाइट लावून. टीव्ही लावला, आवाजासाठी. अर्ध्या तासात बंद केला.

तीस वर्षं.

मी ज्या मोटरीपाशी दहा मिनिटं उभा राहिलो तिचा रोग सांगितला. या घरात मात्र.

२१ मार्च, शुक्रवार

प्र.चा फोन, जरा औपचारिक. एक जोडपं आहे, दोघं हिंजवडीला कामाला, पिंपळे गुरवमध्येच घर शोधतायत. नुसतं बघायला येतील, ६ तारखेला. "जबरदस्ती नाही, बाबा. आई पण म्हणते, तुमच्यावर आहे."

"आई असं म्हणाली? याच शब्दांत?"

"'त्यांचं ते ठरवू द्या' म्हणाली."

म्हटलं, येऊ दे.

१६ तारखेनंतर शा.शी रोज बोलणं होतं. ओवी, खोकला, ऊन. बाकी त्याबद्दल एक अक्षर नाही, तिचं नाही, माझं नाही. मोबाइलवर काड्याही बघत नाही बहुतेक. विचारत नाही काही. विचारायची तेव्हा चिडायचो, आता कान तिकडंच असतात.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. साखरेची गाठी आणायला विसरलो, सुजातानं आणून दिली. म्हणाली, आमच्यात गुढी नसते, पण दुकानात दिसली, तुमच्या दारात बांबू दिसला, गाठी दिसली नाही, म्हणून आणली. तिच्या मशीनची बेअरिंग शेवटी मीच बसवून दिलीय परवा, तरी बादली माझ्याच दारात ठेवते. म्हटलं, आता का? तर म्हणते, "दुपारची वीज चांगली असते ना काका?"

सोसायटीचा पंप आजपासून दु. एकला. खटका माझ्याकडं. टाकीत पाणी पडायला लागलं की वरून सात मजले आवाज उतरतो. बरं वाटतं ऐकायला.

शा.नं फोनवर गुढी बघितली. म्हणाली, "वाकडी बांधलीत." दुपारी शिडीवर चढून सरळ केली. कोण बघणार होतं, तरी.

६ एप्रिल, रविवार

आले दोघं, साडेअकराला. चांगली पोरं. तो छतं बघत होता, ती खिडक्या. ऊन कुठून येतं ते विचारलं. मी कौतुकानं हिरवा पट्टा, लाल पट्टा सांगितला, मोबाइल दाखवला. त्यानं खरंच मन लावून ऐकलं. "म्हणजे काका, आम्ही दोघं घरी असतो तेव्हाच लाल?"

"सगळेच घरी असतात तेव्हा लाल. म्हणून तर लाल."

मी चहा टाकायला गेलो. ती स्वैपाकघरात उभी राहून कपाटं बघून गेली होती. बाहेर जाऊन नवऱ्याला अगदी हळू म्हणाली, तिला वाटलं मला ऐकू जाणार नाही.

"ओटा बघ ना, एक डाग नाही. मसाल्याचा डबा रिकामा. इथं कोणी राहतं असं वाटतच नाही."

चहा गाळला, कप भरले.

चहा दिला. गोड बोललो. लिफ्टपर्यंत सोडलं. घर आवडलं म्हणाले, आठ दिवसांत कळवा म्हणाले.

मग ओटा बघत उभा राहिलो. खरंच एक डाग नाही. शा. होती तेव्हा शेगडीच्या मागं हळदीचा पिवळा पट्टा होता. कितीही घासा, जायचा नाही. मीच जानेवारीत पावडर आणून घासून काढला. स्वच्छता म्हणून.

७ एप्रिल, सोमवार

प्र.ला विचारलं, "ते वाकडचं बंद घर, त्याचं काय झालं?"

"आहे की. पहिल्या नंबरवर. तुम्ही इस्त्री बंद केलीत तर आता बरोबरीत आहात." मग म्हणाला, "बाबा, आईनं सांगितलं मला इस्त्रीचं. मी उगाच तुम्हाला नंबर-बिंबर… तसा हेतू नव्हता."

"माहीत आहे. तुझं काम चांगलं आहे. मशिनी दुपारी लावायच्या, यात तुझं काहीच चूक नाही. मी माणूस पण दुपारी लावून मोकळा झालो, ते माझं."

तो म्हणाला, "त्या जोडप्याला काय सांगू?"

"दोन दिवस दे."

८ एप्रिल, मंगळवार

बाजारात गेलो. कांदे, लसूण, हिरव्या मिरच्या, बेसन, हळद, तिखट. भाजीवाली म्हणाली, पाहुणे येणार काय काका? म्हटलं, माहीत नाही.

१२ ला वॉ.म. लावली, १ ला पंप, अंघोळ दुपारीच. ते तसंच ठेवणार. कपड्यांना, पाण्याला काय कळतंय किती वाजले. स्वैपाक मात्र दुपारी नाही केला.

सं. साडेसहाला लाल लागला. सगळ्या खोल्यांत दिवे लावले. मिक्सरमध्ये लसूण-मिरची वाटली. बोटाला मिरची, डोळ्याला तेच बोट. पिठल्यात गुठळ्या झाल्या. भाकरी तर नकाशा. अर्धं पिठलं शेगडीवर उतू गेलं, ते पुसलं नाही. मिनिट बघितलं नाही किती लागले.

सातला मी फोन केला. रोज ती करते, आज मी.

"आज लई काड्या उठल्यात तुमच्याकडं," म्हणाली. म्हणजे बघत होती. "आता काय लावलंत? खरं सांगा."

"पिठलं."

"कोण आलंय?"

"कोणी नाही. मीच आहे."

मग जे ठरवून बसलो होतो ते सगळं विसरलो. ओवी, हवा, घराचा भाव, बंगळूरचा बारावा मजला, मुद्दे काढून ठेवले होते कागदावर. कागद ओट्यावर, पिठल्यात. म्हटलं, "शालन, परत ये."

तसंच पुढं बोलत राहिलो.

"मी आता सातला घरी असतो. रोज. तू नुसती दिवा लावून बसायची नाहीस. घरघंटी तिकडं आहे ते मला माहीत आहे, त्या दिवशी ऐकू आली. तिकडं तुझं बरं चाललंय तेही ऐकू येतं. नाही जमलं तर मी येईन तिकडं, तक्रार नाही. पण आधी विचारायचं होतं. मी कधी विचारलं नाही तुला. म्हणून विचारतो. येतेस का?"

तिचा श्वास ऐकू येत होता. एकदा नाक ओढल्यासारखं, पण ते सर्दीचंही असेल. नक्की सांगता येत नाही. एवढे कान असून नक्की सांगता येत नाही.

तेवढ्यात ओवी रडली. शा. म्हणाली, "लेकरू उठलं. फोन ठेवू नका. ऐकलात का? ठेवू नका."

मोबाइल कुठं तरी लाकडावर ठेवल्याचा आवाज. चपला लांब गेल्या. आत कुठं तरी ती ओवीला काही म्हणतेय, शब्द लागत नाहीत, सूर लागतो.

मी इकडं मोबाइल वहीशेजारी ठेवलाय, स्पीकर लावून, आणि लिहितोय. सात वीस झाले. पिठलं गार होतंय. ताट वाढलं नाही अजून. लाइन चालू आहे. ओवीचं रडणं थांबलं. शा.ची पावलं फोनकडं